नसलेल्या अणूचा पत्ता

पुण्याच्या तांबट आळीत शिरलं की ठोकण्याचा आवाज आधी येतो, दुकानं नंतर दिसतात. तांब्याचा पत्रा मठारताना एक गंमत घडते. पत्रा हळूहळू ताठर होत जातो, आणि एका टप्प्यानंतर हातोडीचं ऐकेनासा होतो. तसाच ठोकत राहिलं तर तडकायची भीती. मग त्याला भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचं, की गडी पुन्हा मऊ. पुन्हा ठोकायला तयार.

हा प्रयोग घरीही होतो. तांब्याची जाडसर तार वाकवा आणि त्याच जागी सरळ करायला जा. बाक पूर्ण जात नाही, शेजारी नवा पडतो. पहिल्यांदा जिथे वाकली, तिथे तार आता कडक झालेली असते.

आता प्रश्न असा की बदललं काय? तांबं तेच, वजन तेच, त्यात काही मिसळलं नाही, काही काढलं नाही. बदलली ती अणूंची मांडणी. धातूतले अणू कवायतीसारखे रांगेत उभे असतात असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात रांगा मधेच तुटतात, सरकतात, आणि काही जागांवर अणूच नसतो. ठोकलं की असे दोष वाढतात, तापवलं की बरेचसे निस्तरतात. धातू किती वाकेल, सिलिकॉनच्या चिपमधून वीज कशी वाहील, अणुभट्टीचं पोलाद किती वर्षं टिकेल, यातलं पुष्कळसं या उणिवांवर ठरतं.

पण नसलेला अणू बघायचा कसा? क्ष-किरण लाखो अणूंची सरासरी सांगतात. दहा लाखांत एक गैरहजर असेल तर त्यांना पत्ताही लागत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अणू दिसतात, पण त्यासाठी नमुन्याचा अतिपातळ काप घ्यावा लागतो, आणि जाड ठोकळ्याच्या पोटातली एकटी रिकामी जागा त्यातून सुटते. म्हणजे हवं असं काहीतरी, जे स्वतःहून आत शिरेल, रिकामी जागा हुडकून तिथे बसेल, आणि मग आपल्याला कळवेल. असा कण आहे. तो कळवतो कसा, तर मरून.

तो कण म्हणजे पॉझिट्रॉन. इलेक्ट्रॉनचा उलट्या विद्युतभाराचा जुळा भाऊ. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं, त्यातून एक नको असलेलं उत्तर सारखं वर येत होतं, आणि १९३१ मध्ये त्यांनी सरळ लिहून टाकलं की इलेक्ट्रॉनसारखाच पण धनभारित कण असला पाहिजे. पुढच्याच वर्षी, २ ऑगस्ट १९३२ ला, अमेरिकेत कॅलटेकमध्ये कार्ल अँडरसन यांच्या मेघकोठीत, म्हणजे कणाच्या वाटेवर धुक्याची रेघ उमटते अशा पेटीत, त्याचा माग उमटला. कोठीच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा होता. चुंबकीय क्षेत्रात कणाचा मार्ग वळतो, आणि वेग कमी असेल तर जास्त वळतो. फोटोतली रेघ पत्र्याच्या वरच्या बाजूला जास्त वाकलेली होती. म्हणजे कण खालून आला, शिशातून जाताना दमला आणि वर निघाला. दिशा कळली म्हणून वळणावरून भार कळला, आणि तो धन निघाला. एका पत्र्याने केलेला निवाडा! अँडरसनना १९३६ चं नोबेल मिळालं तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

पॉझिट्रॉन म्हणजे प्रतिद्रव्य, आणि हा शब्द ऐकला की लोकांना अंतराळातल्या गोष्टी आठवतात. प्रत्यक्षात तो इतका दुर्मीळ नाही. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यात पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी प्रकार किंचित असतो, आणि तो फार क्वचित का होईना पण पॉझिट्रॉन सोडतो. हिशेब केला तर एका केळ्यातून तास-दोन तासांत एखादा. जळगावहून निघालेल्या केळ्यांच्या ट्रकमध्ये किती, याचं गणित ज्याने त्याने करावं.

पॉझिट्रॉनला इलेक्ट्रॉन भेटला की दोघंही संपतात. दोघांचं वस्तुमान ऊर्जेत बदलतं आणि बहुतेक वेळा दोन गॅमा किरण एकमेकांच्या उलट दिशेने निघतात, प्रत्येकी ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. याला पाठ्यपुस्तकात विलोपन वगैरे म्हणतील. प्रयोगशाळेत सगळे ॲनिहिलेशनच म्हणतात. पेट स्कॅन याच घटनेवर चालतो. रुग्णाला किरणोत्सारी फ्लोरीन-१८ जोडलेली साखर टोचतात, गाठीच्या पेशी ती अधाशासारखी खातात, तिथे पॉझिट्रॉन निघतात आणि मरतात, आणि भोवतीच्या शोधकांची, म्हणजे गॅमा टिपणाऱ्या उपकरणांची, कडी त्या गॅमा जोड्यांवरून जागा काढते.

पदार्थांचा अभ्यास करणाऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. पेट स्कॅनवाला विचारतो, पॉझिट्रॉन मेला कुठे? पदार्थवाला विचारतो, तो जगला किती, आणि मरताना त्याची गाठ कोणाशी पडली? सगळी पद्धत या दोन प्रश्नांत आली.

पहिल्यापासून सुरुवात करू. पॉझिट्रॉन आणायचा कुठून? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: सोडियम-२२. सोडियम क्लोराइडच्या रूपात, म्हणजे चक्क मीठ, फक्त किरणोत्सारी. मिठाच्या पाण्याचा एक थेंब कॅप्टॉन नावाच्या पातळ पिवळट प्लास्टिकच्या फितीवर वाळवायचा, वर दुसरी फीत ठेवून कडा बंद करायच्या. ज्या धातूची तपासणी करायची त्याचे दोन सारखे तुकडे घ्यायचे आणि मधे ही फीत ठेवायची. सँडविच हाच शब्द सगळीकडे रूढ आहे. कुठल्याही बाजूला निघालेला पॉझिट्रॉन नमुन्यातच शिरावा, म्हणून दोन तुकडे.

सोडियम-२२ निवडण्याचं खरं कारण त्याच्या एका खोडीत आहे. पॉझिट्रॉन सोडल्यावर मागे राहिलेलं निऑनचं केंद्रक चार पिकोसेकंदांच्या आसपास वेळातच आणखी एक गॅमा किरण सोडतं, १२७५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. म्हणजे पॉझिट्रॉन जन्मला की लगेच जन्माची नोंद होते. मेला की ५११ चा गॅमा येतो, ती मृत्यूची नोंद. दोन नोंदींमधलं अंतर म्हणजे त्याचं आयुष्य. एक शोधक १२७५ ची वाट बघत बसलेला, दुसरा ५११ ची. पहिल्याने घड्याळ चालू करायचं, दुसऱ्याने बंद.

पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या लाख कोटी भागांपैकी एक. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून मी तो प्रकाशाच्या अंतरात मोजतो. एका पिकोसेकंदात प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो. चांगल्या, निर्दोष ॲल्युमिनियममध्ये पॉझिट्रॉन सरासरी १६० पिकोसेकंद जगतो. तेवढ्या वेळात प्रकाश पाच सेंटिमीटरही पुरा करत नाही. त्याच ॲल्युमिनियममध्ये पॉझिट्रॉन एका अणूच्या रिकाम्या जागेत अडकला तर २४० च्या आसपास जगतो. फरक ८० पिकोसेकंदांचा, म्हणजे प्रकाशाच्या वाटेवर जेमतेम अडीच सेंटिमीटर. दोन्ही शोधकांच्या वायरींची लांबी हातभर बदलली तरी आलेखाचा शून्य यापेक्षा कितीतरी जास्त सरकतो. खोलीचं तापमान वरखाली झालं तरी इलेक्ट्रॉनिक्स हलतं. या प्रयोगशाळांमधला एसी माणसांसाठी नसतो.

आयुष्य का वाढतं, ते बघू. फितीतून निघालेला पॉझिट्रॉन जास्तीत जास्त साडेपाच लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घेऊन नमुन्यात घुसतो. धक्के खात काही पिकोसेकंदांत त्याचा सगळा जोर उतरतो आणि ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकी उरते. तोवर तो ॲल्युमिनियममध्ये साधारण ०.१ मिलिमीटर आत आलेला असतो. इथून पुढचं आयुष्य भटकंतीचं. तो अणूंच्या मधल्या जागांतून हिंडतो, कारण अणूंची केंद्रकं धनभारित आणि हाही धनभारित; केंद्रकाजवळ गेला की ढकलला जातो. चहूबाजूंनी ढकलाढकल. मग एखाद्या ठिकाणी अणूच नाही, म्हणजे ढकलणारं केंद्रक नाही, अशी जागा लागली की तो तिथे घरंगळतो आणि सहसा बाहेर पडत नाही. तुडुंब भरलेल्या लोकलमध्ये कोपऱ्यात वीतभर जागा मिळाल्यावर माणूस जसा तिथेच रुतून उभा राहतो, तसं. (पॉझिट्रॉन काही गोटी नव्हे, तो लाटेसारखा पसरलेला असतो, आणि लोकलची उपमा तिथे संपते.)

रिकाम्या जागेत अणू नाही म्हणजे त्या अणूचे इलेक्ट्रॉनही नाहीत. शेजाऱ्यांचे थोडे सांडलेले असतात, तेवढेच. इलेक्ट्रॉन विरळ, तर गाठ पडायला वेळ लागतो. म्हणून आयुष्य वाढतं. जितकी पोकळी मोठी तितकं जास्त. दहा-वीस अणूंची जागा एकत्र रिकामी असेल तर ४०० पिकोसेकंदांच्या पुढे जातं आणि ५०० च्या आसपास थबकतं.

ही भटकंती किती दूरची? १०० ते २०० नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी एक. ऐकायला काहीच नाही. पण ॲल्युमिनियमच्या दहा लाख अणूंचा चौकोनी ठोकळा कल्पनेत घ्या, शंभर बाय शंभर बाय शंभर. त्याची बाजू भरते सुमारे २५ नॅनोमीटर. म्हणजे दहा लाखांत एक अणू नसला तरी पॉझिट्रॉनच्या फेरफटक्याच्या टापूत अशा कितीतरी रिकाम्या जागा येतात, आणि त्यातल्या एखादीत तो सापडण्याची चांगली शक्यता असते. या पद्धतीचा दरारा आहे तो या संवेदनशीलतेमुळे. रिकामी जागा आपण शोधत नाही, ती पॉझिट्रॉनच शोधतो.

एक शंका इथे हमखास येते. हजारो पॉझिट्रॉन एकदम आत सोडले तर कोणाचा जन्म कुठला आणि मृत्यू कुठला, गोंधळ होणार नाही का? होत नाही, कारण ते एकदम नसतातच. प्रयोगात वापरतात तो स्रोत सेकंदाला साधारण तीन-चार लाख पॉझिट्रॉन देतो. दोन जन्मांमध्ये सरासरी तीनेक मायक्रोसेकंदांचं, म्हणजे तीसेक लाख पिकोसेकंदांचं अंतर. आयुष्य १६० पिकोसेकंद. हेच माणसाच्या मापात, सत्तर वर्षांचं आयुष्य धरून मांडलं, तर एकजण मेल्यावर पुढचा जन्मायला जवळपास बारा लाख वर्षं जातात. नमुन्यात बहुतेक वेळ कोणीच नसतं. असतो तेव्हा एकटा असतो.

घड्याळाबद्दलही एक कबुली द्यायला हवी. चांगल्या यंत्रणेची अचूकता २०० पिकोसेकंदांच्या आसपास असते, आणि मोजायचे आहेत १६०. म्हणजे एकट्या पॉझिट्रॉनच्या आयुष्याचा आकडा फारसा विश्वासाचा नाही. पण दहा लाख नोंदी जमवल्या की त्यांच्या आलेखाचा उतार सांगतो की सरासरी आयुष्य किती, आणि त्यात एक घराणं आहे की दोन: न अडकता मेलेले आणि अडकून मेलेले. तासन् तास मोजणी चालते. रात्री लावून सकाळी बघायचं, असं काम.

या पद्धतीने केलेला मला सगळ्यात देखणा वाटणारा प्रयोग साधा आहे: धातू तापवायचा. कॅनडातल्या मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये धातू तापवत पॉझिट्रॉनचं आयुष्य मोजलं आणि ते तापमानाबरोबर वाढताना दिसलं. नुसतं धातू प्रसरण पावण्याने जेवढं वाढावं त्यापेक्षा बरंच जास्त. ॲल्युमिनियमचं उदाहरण घ्या. खोलीच्या तापमानाला तो शांत असतो. तिथे रिकाम्या जागा इतक्या कमी की शंभर अब्ज अणूंमागे एखादी. आयुष्य १६०. दोन-अडीचशे अंशांपर्यंत जवळपास तसंच. मग आलेख उचलतो. अणू थरथरत जागा सोडायला लागलेले असतात, पॉझिट्रॉन अडकायला लागलेले असतात. आणखी तापवा, आलेख झपाट्याने चढतो, आणि वितळायच्या आधी, म्हणजे ६६० अंशांच्या अलीकडे, २४० जवळ जाऊन सपाट होतो. एखाद्या आडव्या ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखी रेषा.

तो वरचा सपाट भाग बारकाईने बघण्यासारखा आहे. वितळायच्या टोकाला ॲल्युमिनियममध्ये दहा हजार अणूंमागे नऊ जागा रिकाम्या असतात. हजारात एकसुद्धा नाही! तरी तिथे जवळजवळ प्रत्येक पॉझिट्रॉन कुठल्यातरी रिकाम्या जागेतच मरतो. नुसती एवढी वक्ररेषा हातात आली की एक अणू जागेवरून उठवायला किती ऊर्जा लागते ते काढता येतं. ॲल्युमिनियमसाठी ती ०.६७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येते. धातू कापला नाही, घासला नाही, त्याचा फोटो काढला नाही. तापवला आणि मृत्यूच्या नोंदी मोजल्या.

आता दुसरा प्रश्न, मरताना गाठ कोणाशी पडली? पॉझिट्रॉन तोवर थंडावलेला असतो, पण इलेक्ट्रॉन पळत असतो. दोघं संपताना इलेक्ट्रॉनचा वेग गॅमांमध्ये उतरतो. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो आणि लांब जाणारीचा उतरलेला, तसंच एक गॅमा ५११ पेक्षा थोडा वर सरकतो आणि दुसरा तेवढाच खाली, एक-दीड किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टने. द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या जर्मेनियमच्या शोधकात हे सरकणं ५११ च्या टोकदार शिखराला रुंद करतं. अणूच्या बाहेरच्या कक्षांतले इलेक्ट्रॉन सावकाश, आतले केंद्रकाजवळचे फार वेगवान. शिखराचा मधला भाग सावकाशांचा, दोन्ही कडेचे पंख वेगवानांचे. रिकाम्या जागेत अडकलेल्या पॉझिट्रॉनला आतले इलेक्ट्रॉन क्वचितच भेटतात, म्हणून शिखर अरुंद होतं. मधल्या भागाच्या मापाला एस म्हणतात, पंखांच्या मापाला डब्ल्यू, आणि या क्षेत्रातली माणसं दिवसभर एस वाढला, डब्ल्यू उतरला अशाच भाषेत बोलतात.

पंखांचा आकार प्रत्येक मूलद्रव्याचा वेगळा असतो. तांब्याचा वेगळा, लोखंडाचा वेगळा. दोन समोरासमोरच्या शोधकांनी दोन्ही गॅमा एकाच वेळी पकडले तर गोंगाट इतका खाली जातो की हे पंख स्वच्छ दिसतात, आणि मग पॉझिट्रॉन ज्या जागी मेला तिथले शेजारी कोण होते ते ओळखता येतं.

याचा उपयोग अणुभट्टीच्या पोलादात मोठा झाला. भट्टीचं दाबपात्र म्हणजे जाड पोलादी भांडं, ते बदलता येत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्यावर वर्षानुवर्षं न्यूट्रॉनांचा मारा होतो. न्यूट्रॉन अणूंना जागेवरून उडवतात, रिकाम्या जागा तयार होतात, आणि पोलाद कडक पण ठिसूळ होत जातं. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या भट्ट्यांच्या पात्रांत सांधे जोडताना तांब्याचा मुलामा असलेली वेल्डिंगची तार वापरली गेली होती. सांध्यात तांबं एक टक्क्याहूनही कमी, पण माऱ्यामुळे ते विखुरलेले तांब्याचे अणू सरकून नॅनोमीटरभर आकाराचे पुंजके होतात आणि ठिसूळपणा वाढतो. आता योगायोग असा की पॉझिट्रॉनला लोखंडापेक्षा तांबं जास्त आवडतं. पुंजका दिसला की तो त्यात शिरतो, मग तिथे रिकामी जागा असो वा नसो. जपानी संशोधकांनी याचा फायदा घेऊन लोखंडाच्या ठोकळ्यातून तांब्याचे पंख वाचून दाखवले. लोखंडाच्या समुद्रात, एक टक्क्याच्या आत असलेलं तांबं, आणि संदेश जवळजवळ शुद्ध तांब्याचा.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे. मुंबईत तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र, कल्पाक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि कोलकात्याची साहा संस्था, या तिन्ही ठिकाणी पॉझिट्रॉन हे रोजच्या वापरातलं हत्यार आहे. भट्ट्या असलेल्या देशाला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरीही एक रीत आहे, गॅमांमधला कोन मोजण्याची. इलेक्ट्रॉन पळत असल्यामुळे दोन गॅमा अगदी सरळ रेषेत जात नाहीत. पाच मीटरवर दोन-अडीच सेंटिमीटर चुकतात. १९५० मध्ये सोन्यात हे चुकणं मोजलं गेलं, आणि पुढे त्यावरून धातूंतल्या इलेक्ट्रॉनांच्या वेगांचे नकाशे निघाले. तो विषय मोठा आहे, इथे नको.

प्लास्टिकची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिथे पॉझिट्रॉन वेगळंच नाटक करतो. धातूत इलेक्ट्रॉनांची गर्दी असते, प्लास्टिकमध्ये रेणूंच्या साखळ्यांमध्ये ऐसपैस फटी असतात. तिथे पॉझिट्रॉन लगेच मरण्याऐवजी एखाद्या इलेक्ट्रॉनशी संसार मांडतो. दोघं एकमेकांभोवती फिरतात, हायड्रोजनच्या अणूसारखे, फक्त मधे प्रोटॉनच्या जागी पॉझिट्रॉन. याचं नाव पॉझिट्रोनियम. मार्टिन डॉइच यांनी १९५१ मध्ये एमआयटीत ते प्रथम दाखवलं. त्याचा एक प्रकार निर्वात जागेत १४२ नॅनोसेकंद टिकतो (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद), म्हणजे धातूतल्या पॉझिट्रॉनच्या जवळजवळ हजारपट. प्लास्टिकच्या फटीत इतकं कोणी जगू देत नाही. फटीच्या भिंतींवर आदळताना पॉझिट्रॉनला भिंतीतला एखादा परका इलेक्ट्रॉन गाठतो आणि दोन-तीन नॅनोसेकंदांत संसार आटोपतो. फट लहान तर आदळणं जास्त, आयुष्य कमी. म्हणजे आयुष्यावरून फटीचा आकार! दोन नॅनोसेकंद आलं तर फटीची त्रिज्या ०.२९ नॅनोमीटर, असं गणित बसवलेलं आहे. इतक्या बारीक पोकळीत सरकवायला दुसरी फूटपट्टी फारशी नाही.

तुमच्या स्वयंपाकघरात आरओचं यंत्र असेल तर त्यातल्या पडद्याचा खरा गाळणारा थर नॅनोमीटरांत मोजण्याइतका पातळ असतो. पाण्याचा रेणू त्यातल्या फटींमधून जातो, क्षार अडतात. त्या फटी मोजायला पॉझिट्रोनियम वापरतात. (फितीसाठी कॅप्टॉन का, त्याचंही एक कारण इथेच आहे: त्यात पॉझिट्रोनियम तयार होत नाही, त्यामुळे लांबलेली आयुष्यं मोजणीत घुसत नाहीत.)

पण इतका पातळ थर साध्या मिठाच्या स्रोताने मोजता येत नाही. त्यातला पॉझिट्रॉन थराच्या आरपार निघून जातो. त्यासाठी मंद पॉझिट्रॉनांचा झोत करतात. टंगस्टनसारख्या धातूच्या पत्र्यात पॉझिट्रॉन थंडावू द्यायचे; त्यातले थोडे पृष्ठभागावरून आपोआप बाहेर फेकले जातात, हजारो गेले तर एखादा. ते गोळा करून हव्या तेवढ्या विजेच्या दाबाने नमुन्यात मारायचे. दाब कमी तर काही नॅनोमीटर आत, जास्त तर मायक्रोमीटरपर्यंत. तुर्भ्याला आणि कल्पाक्कमला असे झोत आहेत. म्युनिकजवळच्या संशोधन भट्टीवर सेकंदाला अब्जभर पॉझिट्रॉन देणारा आहे.

आता उणी बाजू. पॉझिट्रॉनला रिकामी जागा दिसते, जास्तीचा घुसलेला अणू दिसत नाही. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात रिकामी जागा धनभारित असेल तर तो तिच्याकडे फिरकत नाही. दहा हजारांत एक इतक्या रिकाम्या जागा झाल्या की जवळजवळ सगळे अडकतात, मग त्याहून दुप्पट झाल्या तरी आयुष्य तेच दाखवतं. आणि सगळ्यात मोठा घोळ आकडे सोडवण्याचा. एकाच आलेखातून दोन आयुष्यं काढणं ठीक, तीन काढायला काळजी लागते, आणि कोणी चौथं काढून त्यावर सिद्धांत मांडला असेल तर मी तो निबंध जरा लांब धरूनच वाचतो. कॅप्टॉनमध्ये आणि मिठातच मेलेल्या पॉझिट्रॉनांचा वाटा वजा करावा लागतो. तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

शिवाय सोडियम-२२ चं अर्धायुष्य २.६ वर्षांचं. पीएच.डी. सुरू करताना आणलेला स्रोत प्रबंध लिहून होईपर्यंत निम्म्याहून कमी उरलेला असतो, आणि तेवढ्याच नोंदींसाठी दुपटीहून जास्त थांबावं लागतं.

तांबट आळीतल्या पत्र्याचे दोन तुकडे या यंत्राला दिले तर काय दिसेल, ते आता सांगता येतं. भट्टीतून नीट तापवून काढलेल्या तांब्यात पॉझिट्रॉन ११० ते १२० पिकोसेकंद जगतो. खूप ठोकलेल्या तुकड्यात तो सरकलेल्या रांगांमध्ये आणि रिकाम्या जागांमध्ये अडकतो आणि सरासरी १६०-१७० च्या घरात जाते. ठोकलेला तुकडा पुन्हा भट्टीत घाला, आकडा खाली येतो. फरक पन्नासेक पिकोसेकंदांचा. प्रकाशाच्या वाटेवर दीड सेंटिमीटर.